पुलावर नाचू नये

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावरचं वाहन २.६ मीटरपेक्षा रुंद असता कामा नये आणि मालवाहू वाहन ४ मीटरपेक्षा उंच असता कामा नये. ज्यांनी हे ठरवलं ते श्रावणातल्या शनिवारी रात्री लालबागच्या नाक्यावर कधी उभे राहिलेले नसावेत. चार मीटर म्हणजे जेमतेम तेरा फूट. आमच्याकडे गणपतीची तेरा फुटांची मूर्ती आली तर शेजारच्या गल्लीतले लोक मंडळाच्या अध्यक्षांना बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, "यंदा वर्गणी कमी पडली का हो?"

कायदा तसा कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रकमध्ये जादा वजन भरलं तर वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. माल उंचीला किंवा बाजूला बाहेर आला तरी वीस हजार. आमच्या चाळीतले एक निवृत्त हेडक्लार्क काका आहेत. वेळ जात नव्हता म्हणून एकदा ते गणपतीच्या आगमनाच्या रात्री गॅलरीत वही घेऊन बसले आणि परळ ते चिंचपोकळी या पट्ट्यात कायद्याने एकूण किती दंड व्हायला हवा, याचा हिशेब मांडू लागले. तासाभराने वही मिटली. "देव आणि आरटीओ यांच्यामध्ये आपण पडू नये," असं म्हणून खाली उतरले आणि मूर्तीच्या ट्रॉलीला हात लावून आले.

गंमत अशी की याच भागात साधा ट्रक आला तर त्याच्याइतका केविलवाणा प्राणी दुसरा नाही. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांकडे मिरची घेऊन निघालेला एखादा परगावचा ड्रायव्हर चुकून सकाळी सापडतो. ट्रकबंदीची वेळ कधी सुरू होते आणि कधी संपते हे सांगणारी पाटी झाडाच्या फांदीमागे असते. पुलाची वजनमर्यादा सांगणारी पाटी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मागे असते. मग तो काच खाली करून विचारतो, "भाईसाब, गाडी इस ब्रिज से निकलेगी क्या?" आता लालबागमध्ये असा प्रश्न उघड्यावर विचारायचा नसतो. चहावाला म्हणतो, निकलेगी. पानवाला म्हणतो, अटकेगी. ज्याने आयुष्यात सायकलही चालवली नाही तो म्हणतो, टायरची हवा काढा, चार बोटं खाली बसेल. एवढ्यात हवालदारसाहेब येतात आणि चर्चा तांत्रिक पातळीवरून आर्थिक पातळीवर जाते.

गणपतीचं मात्र असं होत नाही, कारण गणपतीचा रस्ता आधी पाहिलेला असतो.

परळ वर्कशॉपमधून मोठ्या मूर्ती बाहेर पडायला लागतात त्या चतुर्थीच्या आधीच्या शनिवार-रविवारी. आता त्याला आगमन सोहळा म्हणतात आणि त्याला विसर्जनाइतकी गर्दी होते. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला तर मूर्ती कमी आणि मोबाइल जास्त दिसतात. पण आधीच्या आठवड्यात काय होतं ते बघायला कोणी येत नाही. मंडळाचा ट्रॉलीप्रमुख रात्री एक-दीडला दोन पोरं घेऊन निघतो. एका पोराच्या हातात मूर्तीच्या उंचीचा, ट्रॉली धरून, वर फूटभर सूट ठेवलेला बांबू. हा बांबू उभा धरून अख्खा मार्ग चालायचा. जिथे बांबू अडेल तिथे खडूने भिंतीवर खूण आणि वहीत नोंद: केबल, नेट, झाडाची फांदी, दहीहंडीची राहिलेली दोरी, कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या मजल्यावर गेलेली आणि कुणालाच कशाची ते माहीत नसलेली काळी वायर. आमचा ट्रॉलीप्रमुख दिवसा कुरिअरची पार्सलं पोचवतो. मुंबईच्या रस्त्यांचा नकाशा त्याच्या डोक्यात आडवाही आहे आणि उभाही.

अमेरिकेत अवाढव्य माल नेताना पुढे एक गाडी धावते आणि तिच्या नाकावर उंच काठी लावलेली असते. काठी तारेला लागली की मागचा ट्रेलर थांबतो. त्या कामाचं तिथे रीतसर प्रशिक्षण असतं, प्रमाणपत्र असतं. आपल्याकडे धुळे-सांगलीच्या बाजूला पवनचक्कीचं पातं नेतात तेव्हा ट्रेलरवर काठी घेऊन बसलेला माणूस तारा वर करत जातो, त्याच्या अंगात बनियन असतं. लालबागच्या पोराच्या अंगात मंडळाचा टी-शर्ट असतो. इथे प्रगती आहे.

प्रत्यक्ष आगमनाच्या वेळी या बांबूवाल्यांचं काम जवळून पाहावं. बांबूच्या टोकाला आडवी पट्टी, तिला सुतळीने गुंडाळलेलं फडकं, म्हणजे वायर सोलली जात नाही. खालून ढोल, वरून फुलं, समोरून सेल्फी, आणि हा एकटा आकाशाकडे तोंड करून मागे मागे चालतो आहे. "वायर!" तो ओरडतो. चाकाशी बसलेली दोन पोरं लाकडी ठोकळे चाकाखाली सरकवतात. वायर पट्टीवर येते, वर जाते, मुकुटाच्या टोकावरून घसरत मागे येते, मागच्या बांबूवाल्याकडे सोपवली जाते. "सोडली!" ठोकळे निघतात. चार हात पुढे गेलं की पुन्हा "वायर!" सगळ्या इमारतींचं इंटरनेट त्याच्या मनगटावर पेललेलं असतं. एका वर्षी वायर सटकली आणि आमच्या मजल्यावर ऐन क्रिकेट सामन्यात टीव्ही गेला. लोक गॅलरीत येऊन भांडायला तोंड उघडणार, तर समोर डोळ्यांच्या रेषेत साक्षात बाप्पा. तिसऱ्या मजल्यावर राहण्याचा हा तोटा आहे. हात आपोआप जोडले जातात आणि भांडण राहून जातं.

रस्त्यातले खड्डे हा यातला दुसरा अध्याय. जून-जुलैत आम्ही रहिवासी तक्रारी करतो, फोटो पाठवतो, तक्रार क्रमांक घेतो, आणि तो क्रमांक जपून ठेवतो. मग बृहन्मुंबई सार्वजनिक गणेशोत्सव समन्वय समिती पालिकेला सांगते की आगमन आणि विसर्जनाच्या मार्गावरचे खड्डे बुजवा, फांद्या छाटा. बैठक होते, आदेश निघतात आणि रातोरात डांबर पडतं. त्यामुळे हल्ली मार्ग ठरवण्याच्या बैठकीला भलतीच माणसं येऊन बसतात. "जरा आमच्या गल्लीतून वळवा ना हो. चार पावलंच आत आहे. गटाराचं झाकण दोन वर्षं तुटलंय." भक्तीला असा पायाखालचा आधार लागतो, हे काही वाईट नाही.

मूर्ती उंच झाल्या कधीपासून? जुनी माणसं १९७७ चं नाव घेतात. गणेश गल्लीच्या मंडळाची स्थापना १९२८ ची. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांनी तिथे २२ फुटांची मूर्ती घडवली आणि लोक मान वर करून बघायला लागले ते आजतागायत. माझा यात एक स्वतःचा सिद्धान्त आहे, तो कुठल्या इतिहासकाराच्या माथी मारू नये. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम गेली तशा रस्त्याच्या मधोमध डोक्यावरून जाणाऱ्या तिच्या तारा गेल्या. आकाश मोकळं झालं, मग गणपती वाढला. पुढे २००० साली खेतवाडीच्या बाराव्या गल्लीत ४० फुटांची मूर्ती उभी राहिली. ज्यांनी खेतवाडीची गल्ली पाहिली आहे त्यांना यातली गंमत कळेल. तिथे दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला छत्री मिटावी लागते.

मध्ये करोनाचं २०२० आलं. सरकारने सांगितलं, सार्वजनिक मूर्ती चार फूट, घरची दोन फूट. त्या वर्षी बांबूवाल्या पोरांना काम नव्हतं. एक जण सवयीने बांबू घेऊन आला होता. गणपती टेम्पोत मागे बसून आला आणि तो बांबू खांद्यावर टाकून शेजारून चालत आला. २०२२ मध्ये उंचीची अट निघाली आणि पहिल्याच आगमनाला दोन वर्षांत वाढलेल्या वायरींचं जंगल समोर उभं राहिलं. घरून काम करणाऱ्यांनी मुंबईचं आकाश विणून काढलं होतं.

वायर वर करता येते, फांदी छाटता येते, खड्डा भरता येतो. पूल मात्र ऐकत नाही.

दरवर्षी उत्सवाच्या तोंडावर पालिका आणि पोलीस धोकादायक रेल्वेपुलांची यादी काढतात. करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, महालक्ष्मी, फ्रेंच ब्रिज, केनेडी ब्रिज, दादरचा टिळक पूल. गिरगावकर, परळकर, दादरकर, कुणीच सुटत नाही. यादीत पूर्वी असलेला आणि आता पाडलेला जुना बेलासिस पूल १८९३ चा, म्हणजे गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक उत्सव सुरू झाला त्याच वर्षीचा. टिळक पूल १९२५ चा. यादीसोबत सूचना असतात: पुलावर एका वेळी शंभरापेक्षा जास्त माणसं नकोत, ध्वनिक्षेपक नको, थांबू नये, पुलावर नाचू नये. आणि करी रोड, चिंचपोकळीच्या पुलांसाठी खास: एकूण वजन सोळा टनांपेक्षा जास्त नको. यात मूर्ती आली, ट्रॉली आली आणि भाविकही आले.

हेडक्लार्क काकांनी ही सूचना वाचली आणि पुन्हा वही उघडली. माणशी सरासरी पासष्ट किलो धरले तर शंभर माणसं म्हणजे साडेसहा टन. म्हणजे सोळातले साडेसहा टन भाविकांनीच खाल्ले. उरल्या साडेनऊ टनांत बाप्पा, ट्रॉली, फुलांचे हार, जनरेटर आणि ढोल. काकांचं म्हणणं असं की बारीक माणसं आधी निवडून घ्यावीत. पासष्टची सरासरी खाली आणली तर हार थोडे मोठे करता येतील. यावर खजिनदार म्हणाले की मग अध्यक्षांना पुलाच्या अलीकडेच उतरवावं लागेल. अध्यक्षांचं विभागात वजन किती हे सगळ्यांना माहीत होतं, किलोत विचारायची हिंमत कुणाची झाली नाही.

शंभर माणसं मोजणं हे त्याहून अवघड काम. पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी दोरी धरलेली असते. प्रत्येक जण शंभरातला असतो. "साहेब, मी ट्रॉलीचा." "साहेब, मी बांबूचा." "साहेब, मी यांचा भाचा." एकदा एक आजी दोरीखालून सरळ वाकून गेल्या आणि वर म्हणाल्या, "मला मोजू नकोस रे बाबा, माझं वजन काय!" हवालदाराने हात जोडले. हिशेब तिथेच कोलमडला.

नाचू नये, हा मात्र नियम लोक पाळतात आणि ते पाहण्याजोगं असतं. पुलाचा चढ सुरू होईपर्यंत ढोल-ताशा टिपेला. पथकाचा प्रमुख हात वर करतो आणि टिपरू हवेतच थांबतं. मग दोनशे पावलं चालण्याचा आवाज, ट्रॉलीच्या चाकांचा करकर आवाज, खालून जाणाऱ्या लोकलचा भोंगा. नाचणारी पोरं शाळेच्या रांगेत चालल्यागत हात मागे बांधून चालतात. काहींचे खांदे मात्र आतल्या आत उडत असतात, त्याला वजनमर्यादा नाही. पुलाचा उतार संपला की दुसऱ्या हाताची खूण, आणि जिथे थांबला होता त्याच ठेक्यावर ढोल सुरू. मध्ये पूल होता हे ढोलाला कळतसुद्धा नाही.

यामागे शास्त्र आहे. १८३१ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा झुलता पूल सैनिक एका तालात चालत असताना कोसळला, तेव्हापासून फौजेला पुलावर पावलं मोडून चालायला सांगतात. लंडनच्या अल्बर्ट ब्रिजवर तशी पाटी अजून आहे. आमचे पूल झुलते नाहीत, निदान बांधले तेव्हा नव्हते. तरी ज्या मंडळाच्या लेझीम पथकाचा मी शेजारी आहे, ते पुलावर नाचलं तरी काही धोका नाही. त्यांची दोन पावलं एका वेळी पडल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही.

हा सोळा टनांचा आकडा आमच्या लोकांच्या राशीलाच आहे. लालबाग-परळचा अर्धा माणूस कोकणातला. इथला गणपती बसवून किंवा बसवायच्या आधी तो गावच्या गणपतीला निघतो. तिकडे मुंबई-गोवा महामार्गावर उत्सवाच्या दिवसांत सरकार अवजड वाहनांना बंदी करतं, ती कुणाला? सोळा टन आणि त्यावरच्यांना. दूध, भाजी, औषधं, गॅस यांना सूट. म्हणजे चाकरमानी कणकवलीला पोचावा म्हणून सोळा टनांना रस्त्यावर बंदी, आणि त्याचा बाप्पा चौपाटीला पोचावा म्हणून सोळा टनांपर्यंत पुलावर मुभा. काकांनी या योगायोगावरही वही उघडली होती. काकूंनी ती काढून घेतली.

विसर्जनाच्या दिवशी तर शहरात अवजड वाहनांच्या बंदीचे आदेश निघतात. ते वाचून घराबाहेर पडावं, तर रस्त्यावर फक्त अवजड वाहनंच. फरक इतकाच की त्यांना कोणी हॉर्न वाजवत नाही.

आता त्या पुलांचंच बघा. प्रभादेवीचा, म्हणजे एल्फिन्स्टनचा पूल १९१३ चा. तो पाडायचा ठरून किती तरी महिने झाले, आज बंद, उद्या बंद असं चाललं होतं. २०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली आणि पूल १२ सप्टेंबरच्या रात्री बंद झाला. पुलानेही विसर्जन आटोपून घेतलं. त्याची वाहतूक करी रोडच्या पुलावर आली आणि त्या पुलाच्या महादेव पालव मार्गावर नवीन व्यवस्था लागली: सकाळी ७ ते दुपारी ३ एका दिशेने, ३ ते रात्री ११ उलट्या दिशेने, ११ ते सकाळी ७ दोन्ही दिशांनी. बाहेरच्या माणसाला हे पाठ करावं लागतं. आमच्याकडे एका बैठ्या घरातले माजी गिरणी कामगार पाटी एकदाच वाचून म्हणाले, "म्हणजे पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी." गिरण्यांचे भोंगे कधीच बंद झाले, मॉल आले, टॉवर आले, आणि गिरणगावात तीन पाळ्यांत काम करणारा एक पूल तेवढा उरला. त्याला बोनस कोण देणार, एवढंच ठरायचं आहे.

या सगळ्या खटाटोपापासून अलिप्त एकच उत्सव आहे, तो केशवजी नाईकांच्या चाळीचा. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती, मूर्ती अजून लहानशी, आणि निघते ती पालखीतून. ना ट्रॉली, ना बांबू. लांबी-रुंदी-उंची-वजन, चारही बाबतीत कायद्याच्या आत. १८९३ साली त्यांनी जो आकार ठरवला तो बदलायची त्यांना गरज वाटली नाही. आमच्या ट्रॉलीप्रमुखाला एकदा तिथे नेलं. त्याने भक्तिभावाने नमस्कार केला, आजूबाजूला पाहिलं, डोक्यावरच्या वायरी मोजल्या आणि म्हणाला, "छान आहे. पण मग पोरांनी करायचं काय?"

पोरांनी काय करायचं याचं उत्तर लालबागच्या राजाचा मार्ग देतो. भारतमाता, साने गुरुजी मार्ग, भायखळा स्टेशन, क्लेअर रोड, नागपाडा, दोन टाकी, सी. पी. टँक, ऑपेरा हाउस, गिरगाव चौपाटी. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या गाड्यांची सलामी, हिंदुस्तानी मशिदीपाशी स्वागत. गाडीने अर्धा तास लागावा तिथे एक दिवस आणि एक रात्र लागते. नकाशावर सरळ दिसणाऱ्या वाटा सोडून एवढी वळणं का, याचं उत्तर अर्धं परंपरेत आहे आणि अर्धं पुलांत. चौपाटीवर पालिकेने वाळूत लोखंडी प्लेटा अंथरलेल्या असतात, नाहीतर ट्रॉली रुतते. म्हणजे शेवटच्या शंभर पावलांसाठीही वेगळा रस्ता बांधला जातो.

२०२५ साली हे सगळं जुळून आलं. पूल झाले, वायरी झाल्या, गर्दी झाली, राजा सकाळी चौपाटीवर पोचला, नवा यांत्रिक तराफा तयार होता. आणि भरती आली. पाणी चढलं, तराफा हलू लागला, मूर्ती तराफ्यावर चढेना. आदल्या दिवशी सकाळी निघालेला राजा तीस तासांहून जास्त काळाने, रात्री नऊच्या सुमारास मार्गस्थ झाला. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहणही होतं, त्यामुळे किनाऱ्यावर ज्योतिषी आणि कोळी अशा दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ हजर होते. कोळ्यांचं बरोबर निघालं.

त्याचा परिणाम आमच्या छोट्या मंडळावरही झाला. आमची मूर्ती चौदा फुटांची, भरती-ओहोटीला तिची दखल घ्यायचं कारण नाही. तरी विसर्जनानंतरच्या पहिल्याच बैठकीत मार्गाच्या नकाशाशेजारी भरतीचं वेळापत्रक लावायचं ठरलं. परवानग्यांचं काम बघणारा पोरगा वैतागला. पालिका, पोलीस, वाहतूक, अग्निशमन, सगळं एका खिडकीतून झालं तरी त्या खिडकीपाशी तो दोन महिने उभा असतो. तो म्हणाला, "काका, भरतीसाठी पण अर्ज करायचा का?"

"कर," हेडक्लार्क काका म्हणाले. "पोच मात्र घे."